अंगणातल्या पक्ष्याचा फोटो किती कापावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्याकडे एपीएस-सी सेन्सरचा (प्रकाश टिपणारी, फुल फ्रेमपेक्षा लहान पट्टी) २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. खिडकीत बसून, आठ-नऊ मीटरवरच्या झाडावर येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो तुम्ही काढता. पक्षी फ्रेममध्ये लहान येतो, म्हणून नंतर क्रॉप करत जाता, आणि एका टप्प्यानंतर पिसांच्या जागी रंगाचे फराटे दिसायला लागतात. उदाहरणादाखल तुम्ही फळ चोचीत धरलेल्या बुलबुलाचा फोटो दाखवलात; तो १/१६० सेकंद शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ), एफ ५.६ अॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचं माप) आणि आयएसओ ४०० (चित्र किती उजळवायचं याची पायरी) वर, जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फाइलमध्ये, काढलेला आहे. विचारलंत ते तीन गोष्टींबद्दल: क्रॉप जास्तीत जास्त किती टक्के करावा, एडिटिंगमध्ये आधी काय आणि नंतर काय, आणि चेहऱ्यासमोर आलेली काडी खोडून टाकली तर ती फसवणूक ठरते का.

टक्केवारीचा एकच आकडा मी देऊ शकत नाही. फोटो फोनवर बघायचा आहे की भिंतीवर लावायचा आहे, मूळ फाइल किती स्वच्छ आहे, पक्षी एकटा हवाय की त्याच्या भोवतालासकट, यावर तो आकडा बदलतो. पण तुमच्या बाबतीत टक्केवारीच्या आधी एक हिशोब मांडायला हवा, कारण त्यातून अडचण वेगळ्याच ठिकाणी निघते.

एपीएस-सी सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिलिमीटर असते. ३०० मिलिमीटरवर, नऊ मीटर अंतरावर, तुमच्या फ्रेममध्ये सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. बुलबुल चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत २० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे तो आडवा, बाजूने बसला असेल तर फ्रेमच्या पाव रुंदीपेक्षा थोडा जास्तच भरतो. तुमच्या फाइलची रुंदी ६००० पिक्सेल आहे, त्यातले १७०० पिक्सेल एकट्या बुलबुलाचे. हे काही कमी नाही. नेहमीचा फुल एचडी पडदा १९२० पिक्सेल रुंद असतो. त्यावर हा बुलबुल या कडेपासून त्या कडेपर्यंत जवळजवळ मावेल. तरीही पिसं दिसत नसतील, तर दोष क्रॉपचा नाही. पिसं मूळ फाइलमध्येच उतरलेली नाहीत.

क्रॉप नवीन काही बिघडवत नाही, मुळात जे आहे ते मोठं करून समोर ठेवतो. फोटोची रुंदी आणि उंची निम्मी केली की पिक्सेल पावपट उरतात: २४ मेगापिक्सेलचे सहा, म्हणजे ३००० बाय २००० ची फाइल. दोन्ही बाजू एक तृतीयांश केल्या तर २००० बाय १३३३, जेमतेम पावणेतीन मेगापिक्सेल. त्याच आकारात बघताना हलल्याचा धूसरपणा तेवढ्याच पटीत वाढतो, आणि नॉईजही, म्हणजे चित्रातले दाणे. रुंदी-उंची निम्मी करणारा क्रॉप केलात की आयएसओ १६०० चा फोटो त्याच आकारात साधारण ६४०० च्या न कापलेल्या फोटोसारखा दिसतो, कारण चित्रात भाग घेणारा प्रकाशच पाव उरतो. म्हणून मी क्रॉपची मर्यादा मूळ फाइल किती खणखणीत आहे यावर ठरवते. खणखणीत फाइल तिसऱ्या हिश्शापर्यंत कापली तरी पडद्यावर तग धरते, आणि मऊ फाइल न कापताही मऊच राहते.

तेव्हा आधी तुमची फाइल मऊ का आली ते शोधू या. शंभर टक्के झूम करून बघा. सगळंच, म्हणजे पक्षी, फांदी, पानं, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. फांदी आणि पाय स्वच्छ आहेत पण डोकं धूसर आहे, तर पक्षी हललाय. पक्षी धूसर आणि पुढची काडी किंवा मागचं पान टोकदार, तर फोकस चुकलाय. आणि कुठेच काही टोकदार नाही, सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं थरथरलेलं आहे, तर मधली हवा किंवा काच आडवी आली. उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे, म्हणून हे निदान टाळू नका. मी स्वतः पहिली कित्येक वर्षं प्रत्येक मऊ फोटोवर शार्पनिंगची पट्टी ओढत राहिले, आणि त्या काळातल्या फायली आज उघडल्या तर त्यातल्या बहुतेक साध्या पक्षी हलल्यामुळे गेलेल्या दिसतात.

तुमच्या फोटोत फांदी स्वच्छ आहे, बुलबुलाच्या पोटावरची पिसंही बऱ्यापैकी आहेत, डोकं मात्र फिसकटलंय. म्हणजे मान वळवतानाचा क्षण सापडला. लेन्समधली स्थिरता देणारी यंत्रणा तुमच्या हाताचं हलणं सावरते, पक्ष्याचं नाही. छोटे पक्षी मान सावकाश वळवत नाहीत, झटक्यात वळवतात, आणि १/१६० हा त्या झटक्यापुढे फार लांब वेळ आहे. शांत बसलेल्या पक्ष्यासाठी मी १/५०० च्या खाली सहसा जात नाही. चिमणी, शिंपी, बुलबुल असतील तर १/८०० ते १/१०००. उडत्या पक्ष्यासाठी १/२००० पासून पुढे.

आता तुम्ही म्हणाल, सावलीत इतकं शटर आणायचं कुठून? आयएसओमधून. तुमच्याच फोटोचा हिशोब घ्या. १/१६० वरून १/८०० म्हणजे पाचपट कमी वेळ, तर आयएसओ ४०० ऐवजी २०००. नॉईजच्या भीतीने तुम्ही ४०० वर राहिलात आणि त्या बदल्यात पिसं गेली. नॉईज एडिटिंगमध्ये बऱ्याच अंशी निवळतो, हललेलं डोकं परत येत नाही. अंधारलेला फोटो नंतर उजळवणं हा मधला मार्गही नाही, कारण उजळवताना सावल्यांमधला नॉईज सगळा वर येतो. मी शटर आणि अॅपर्चर हाताने ठरवते, आयएसओ ऑटोवर सोडते, आणि हिस्टोग्राम (फोटोतलं गडद-उजळ दाखवणारा आलेख) उजवीकडे झुकलेला पण कडेला न आपटलेला ठेवते.

याला एक अपवाद लक्षात असू द्या. पक्षी पांढरा आणि मागची झाडी गडद असेल तर कॅमेरा झाडी बघून फसतो आणि पांढरी पिसं जळतात. तिथे एक्स्पोजर भरपाई (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे करायची. काळा पक्षी उजळ आकाशासमोर असेल तर उलट, अधिक. दयाळाच्या नरासारखा पक्षी, ज्याच्या अंगावर काळं आणि पांढरं शेजारीशेजारी असतं, तो कठीण. तिथे मी पांढऱ्याला जपते. काळ्यातला तपशील रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरवरच्या कच्च्या माहितीतून, ओढून काढता येतो. जळालेल्या पांढऱ्यात काही उरलेलंच नसतं.

आणि हो, रॉमध्ये काढायला सुरुवात करा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. शिवाय कॅमेऱ्याने जेपेग बनवताना नॉईज घालवण्यासाठी बारीक पिसं आधीच पुसलेली असतात. तुम्हाला दिसणारे फराटे काही अंशी त्याचेच आहेत. दोन्ही फायली सोबत साठवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, सुरुवातीला तसं करा.

काचेबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण खिडकीतून म्हणता म्हणून सांगते. बंद काचेतून काढत असाल तर लेन्स काचेच्या अगदी जवळ आणि काचेशी काटकोनात ठेवा. तिरप्या काचेतून लांब लेन्सचा फोटो हमखास मऊ येतो, प्रतिबिंबं येतात ती वेगळीच. खिडकी उघडून काढत असाल तर खोलीतल्या आणि बाहेरच्या हवेच्या तापमानात फार फरक नको; दोन हवा मिसळतात तिथे चित्र थरथरतं. तापलेल्या छपरावरून किंवा फरशीवरून नेम धरलात तरी हेच होतं, मग लेन्स कितीही भारी असो. सकाळी लवकर काढलेले फोटो जास्त स्वच्छ येतात, त्यामागे कोवळ्या प्रकाशाइतकंच हेही कारण आहे.

आता अंतराकडे वळते. पक्षी नऊ मीटरऐवजी साडेचार मीटरवर आला, तर त्याच लेन्सने त्याची रुंदी १७०० वरून ३४०० पिक्सेल होते, क्षेत्रफळ चौपट. कोणतंही सॉफ्टवेअर हे देत नाही. पक्ष्याच्या मागे जाऊ नका, त्याला यावंसं वाटेल अशी जागा तुमच्या जवळ तयार करा. पाण्याचं उथळ भांडं ठेवा आणि त्याच्या बाजूला एक वाळकी, खडबडीत सालीची, बोटभर जाडीची फांदी रोवा. पाण्यावर उतरण्याआधी पक्षी बहुतेकदा शेजारी कुठेतरी थांबून इकडेतिकडे बघून घेतो. ती थांबायची जागा तुम्ही निवडलीत, की मागचं चित्रही तुम्हीच निवडलंत. फांदीच्या मागची झाडी निदान पाच-सहा मीटर लांब असू दे, म्हणजे ती आपसूक विरघळते आणि एडिटिंगमध्ये पार्श्वभूमी धूसर करत बसावं लागत नाही. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर येईल इतकीच फांदी उंच ठेवा. वरून काढलेला पक्षी जमिनीत रुतल्यासारखा दिसतो, खालून काढला तर पोट आणि पांढरं आकाश.

ही मांडणी करताना पक्ष्याची काळजी आधी. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, कारण एकाच भांड्यावर गर्दी झाली की रोग पसरतात. काचेवर आकाशाचं किंवा झाडाचं प्रतिबिंब पडत असेल तर पक्षी त्यावर आदळतात. एक मीटरच्या आत ठेवलेल्या भांड्यावरून उडालेला पक्षी पुरेसा वेग घेऊ शकत नाही, म्हणून तिथे धोका कमी. तीन-चार मीटरवरून उडालेला मात्र जीवघेण्या वेगाने येऊ शकतो. आपल्या फोटोसाठी नेमकं हेच अंतर सोयीचं, त्यामुळे काचेवर बाहेरच्या बाजूने पाच-पाच सेंटिमीटरवर ठिपके लावा, किंवा जाळी बसवा. घरट्याचे फोटो काढू नका, आणि घरट्यासमोरची पानं तर अजिबात बाजूला करू नका. त्या पानांनीच ते ऊन आणि शिकाऱ्याच्या नजरेपासून झाकलेलं असतं.

पक्षी जवळ आला की फोकसची खोली कमी होते, हेही सांगायला हवं. ३०० मिलिमीटर, एफ ५.६, चार मीटर अंतर: जेमतेम चार सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्वच्छ येतो, आणि मोठा क्रॉप करणार असाल तर त्याहून कमी धरा. पक्षी सेन्सरला समांतर, म्हणजे पूर्ण बाजूने बसला तर चोच आणि शेपटी दोन्ही मावतात. समोरून असेल तर डोळा पकडा आणि शेपटी सोडून द्या. तुमच्या लेन्सच्या प्रकारात बऱ्याच लेन्स ३०० ला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर थोड्या मऊ असतात. एफ ८ वर ठेवून एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीवर तुलना करा आणि आपल्या लेन्सचा स्वभाव ओळखून घ्या.

एक पक्षी बसला की मी आठ-दहा फ्रेम सलग घेते आणि निवड नंतर करते. पहिली चाळणी डोळ्याची. पक्ष्यांना पापणीखाली एक पातळ पडदा असतो, तो आडवा सरकून डोळा पुसतो. ती फ्रेम आली तर डोळा दुधाळ, आजारल्यासारखा दिसतो. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका आहे का, चेहरा निदान किंचित तुमच्याकडे वळलेला आहे का, एवढं बघितलं तरी दहातल्या सात गळतात. या चाळणीनंतर उरलेल्यांवरच क्रॉपचा विचार करायचा. मऊ फोटो क्रॉप करून वाचवू बघण्यात जो वेळ जातो, त्यात पुढचा पक्षी येऊन जातो.

आता क्रॉप. सुरुवातीच्या काळात आपल्या सगळ्यांचा कल एकाच दिशेने असतो: पक्षी मोठा दिसला पाहिजे. मी स्वतःला वेगळा प्रश्न विचारते: या फोटोत पक्षी काय करतोय? क्रियापद सापडलं की चौकट सापडते. पाणी पितोय, तर पाण्यावरची वर्तुळं फोटोत हवीत, कारण पिणं तिथे दिसतं. इकडेतिकडे टेहळणी करतोय, तर ज्या दिशेला बघतोय तिकडे मोकळी जागा हवी. नुसताच बसलाय, काही करत नाही, तेव्हा त्याचं रूप हाच विषय; मग खुशाल जवळ जा, छाती आणि चेहरा एवढंच ठेवा. आणि पक्षी इवलासा असून भोवतीचं झाडच त्याच्याबद्दल जास्त सांगत असेल, तर कापू नका. उघड्या फांद्यांच्या जाळीत बसलेली एकटी चिमणी फ्रेमच्या विसाव्या हिश्शाएवढी असली तरी चालते. तिचं लहान असणं हाच तिथला विषय असतो.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट अजून सलते. कुंपणाच्या खांबावर दयाळाचा नर शेपटी उभारून गात होता. मी घट्ट कापलं, खांबाचा वरचा भाग आणि नर, बस्स. छान दिसत होतं. जागा वाचवायची म्हणून मूळ फाइल पुसली. काही महिन्यांनी त्याच वेळी काढलेली दुसरी, बाजूची फ्रेम सापडली, तर मागे धूसर झालेली राखाडी मादी खालच्या तारेवर बसलेली. गाणं तिच्यासाठी चाललं होतं की नाही मला माहीत नाही, पण फोटो त्या दोघांचा होता आणि मी त्यातून तिलाच कापून टाकलं होतं. तेव्हापासून मूळ फाइल पुसत नाही, आणि क्रॉप करण्याआधी चारही कोपरे नीट बघते.

कडा हा क्रॉपचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. आपली नजर पक्ष्यावर असते, बघणाऱ्याची मात्र कोपऱ्यातल्या उजळ ठिपक्याकडे जाते. तसा ठिपका किंवा अर्धवट पान कडेला असेल तर कड थोडी आत घेऊन ते बाहेर काढा. शेपटीच्या बाबतीत धरसोड नको: पूर्ण ठेवा आणि टोकापुढे थोडी जागा सोडा, किंवा स्पष्ट चेहऱ्याचाच फोटो करायचा तर छातीपाशी ठामपणे कापा. शेपटीचं फक्त टोक कापलेलं असलं की ते चुकून घडल्यासारखं वाटतं. पायांचंही तसंच, फांदीवरची पकड दिसते तोवर पक्ष्याला वजन असतं. फांदी एका कडेतून आत येऊन चौकटीतच संपली तर बरं. दोन्ही कडांना भिडली की फोटोचे दोन तुकडे पडतात. अर्थात फांदी सुंदर असेल तर मी हे खुशाल मोडते.

तिसऱ्या भागाच्या नियमाबद्दल, म्हणजे विषय मध्यावर न ठेवता चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाच्या रेषेवर ठेवण्याबद्दल, थोडकंच सांगते. पक्षी बाजूला बघत असेल तर उपयोगी. तुमच्याकडे समोरून टक लावून बघणारा, गोल फुगलेला पक्षी मध्यभागीच शोभतो. मागे वळून बघत असेल तेव्हा अंगाची दिशा एक आणि नजरेची दुसरी असते. मी नजरेच्या बाजूला जागा ठेवते. चौकटीचं प्रमाण मूळचं ३:२ ठेवलं तर छापताना सोयीचं, फोनसाठी उभं ४:५. उभा ताठ बसलेला पक्षी आडव्या चौकटीत कोंबू नका एवढंच. तिरपं सरळ करताना पाण्याची पातळी आणि खांब सरळ हवेत. फांदी तिरपी असते, तिला तशीच राहू द्या. फिरवलं की कोपरे कापले जातात, तेव्हा हे क्रॉपच्या आधी करा.

निर्णय होत नसेल तर तीन प्रती करते: एक रुंद, एक मधली, एक घट्ट. रात्रभर ठेवते आणि सकाळी फोनवर अंगठ्याएवढ्या आकारात बघते. ताज्या फोटोच्या बाबतीत मी जवळजवळ नेहमी घट्ट प्रत निवडते आणि दुसऱ्या दिवशी मधली. किती पिक्सेल उरले हे शेवटी तपासते: पडद्यासाठी लांब बाजू २००० च्या आसपास असली तरी पुरते. छापायचं तर इंचाला ३०० पिक्सेल धरा, म्हणजे ३००० पिक्सेलचे दहा इंच. भिंतीवर लांबून बघायचा मोठा फोटो २०० ला सुद्धा चांगला दिसतो.

एडिटिंगचा क्रम तुम्ही विचारलात. रॉ फाइलवर काम करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल शाबूत राहते, त्यामुळे क्रम चुकला म्हणून नुकसान होत नाही. मी मात्र आधी ढोबळ क्रॉप करते, कारण कापून जाणाऱ्या उजळ आकाशाकडे बघून पक्ष्याचा उजेड ठरवण्यात अर्थ नाही. मग व्हाइट बॅलन्स. झाडाखालच्या सावलीत पांढऱ्या पोटावर हिरवट झाक येते, ती घालवते; पहाटेचा पिवळेपणा मात्र ठेवते, तो त्या वेळेचा आहे. मग एक्स्पोजर, मग हायलाइट्स खाली आणून पांढऱ्यातली पिसं परत आणणं, आणि शॅडोज किंचित वर. किंचितच. बुलबुलाचं डोकं काळं आहे, ते करडं करून दाखवायचं नाही. काळ्यात डोळा वेगळा ओळखू आला की थांबायचं.

नॉईज आधी, शार्पनिंग नंतर. उलट केलंत तर नॉईजचेच कण टोकदार होतात. दोन्ही गोष्टी मास्क लावून, म्हणजे चित्राचा ठरावीक भागच निवडून, करा. पार्श्वभूमीवर नॉईज जोरात काढला तरी बिघडत नाही, तिथे तपशील नसतोच. पक्ष्यावर हात हलका. शार्पनिंग डोळा, चोच आणि पुढची पिसं यांच्यावर, पार्श्वभूमीवर शून्य. फोटो शेवटच्या आकारात लहान केल्यानंतर एकदा हलकं शार्पनिंग परत लागतं. बाहेर देताना एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगविश्वात द्या, नाहीतर दुसऱ्यांच्या पडद्यावर रंग फिके पडू शकतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉईज काढणारी साधनं मी वापरते, ती खरोखर उपयोगी आहेत. पण तपशील फारच कमी असला की ती पिसं अंदाजाने रचतात. शंभर टक्के झूमवर पायांची बोटं, चोचीची फट आणि डोळ्याभोवतीची कडा बघा. तिथे काही वितळल्यासारखं किंवा फारच एकसारखं दिसलं तर जोर कमी करा. ज्या पक्ष्याच्या अंगावर नसलेली पिसं फोटोत आली, तो त्या पक्ष्याचा फोटो राहत नाही.

रंगांच्या बाबतीत मी हट्टी आहे. सॅच्युरेशनची पट्टी मी जवळजवळ हलवतच नाही. सूर्यपक्ष्याचा नर घ्या. त्याचा जांभळा-निळा झळाळ पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो, प्रकाशाच्या कोनावर अवलंबून असतो. कोन चुकला की तोच पक्षी काळा दिसतो. ती झळाळी एडिटिंगमध्ये ओढून आणता येत नाही, ओढलीत तर जांभळा डाग पडतो. सूर्य तुमच्या पाठीशी ठेवून त्याने मान वळवायची वाट बघायची. शिवाय कुणी तुमच्या फोटोवरून पक्षी ओळखणार असेल तर रंग हाच पुरावा असतो. नर चिमणीच्या डोक्याचा राखाडी टिळा तपकिरी करून ठेवलात तर बघणारा चुकेल आणि चूक तुमची असेल.

राहिला काडीचा प्रश्न. सेन्सरवरच्या धुळीचे डाग काढणं, नॉईज काढणं, उजेड कमी-जास्त करणं यात मला काही गैर वाटत नाही. हे कॅमेऱ्याने घातलेलं किंवा प्रकाशाचं आहे. काडी मात्र तिथे होती. निसर्ग छायाचित्रणाची जी व्याख्या पीएसए (अमेरिकेतली), एफआयएपी (आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि आरपीएस (ब्रिटनमधली) या छायाचित्रण संस्थांनी मिळून स्वीकारली आहे, तीत क्रॉप चालतो, पण चित्रातली एखादी गोष्ट काढणं, घालणं किंवा हलवणं चालत नाही. तेव्हा स्पर्धेत किंवा नोंदीसाठी देणार असाल तर काडीला हात लावू नका. स्वतःच्या भिंतीसाठी असेल तर तुमचा फोटो, तुमची मर्जी. फक्त कुणी विचारलं तर काढली आहे असं सांगा. डोळ्यात नसलेला प्रकाशाचा ठिपका रंगवणं मात्र मी भिंतीसाठीही करत नाही. आणि काडी टाळायचा सोपा मार्ग बहुतेकदा तिथेच असतो: अर्धा पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका. काडी पक्ष्यापेक्षा तुमच्या जवळ असेल तर एवढ्याने ती बाजूला जाते.

तुमच्या त्या बुलबुलाबद्दल बोलते आणि थांबते. डोकं हललंय, म्हणून तो चेहऱ्याचा फोटो होणार नाही; घट्ट क्रॉपचा हट्ट सोडा. त्यात चांगलं काय आहे ते बघा. चोचीतलं फळ, ताणलेली मान, आणि उजवीकडे त्याच फांदीवर टांगलेला फळांचा घोस, जो तुम्ही कापून टाकला होता. मी डावीकडचं रिकामं आकाश आणि खालचा जाड बुंधा काढेन, घोस पूर्ण ठेवेन, आणि रुंदी ४००० पिक्सेलच्या खाली जाऊ देणार नाही. तेवढ्या आकारात डोक्याचा धूसरपणा खटकणार नाही, उलट घाईघाईने फळ तोडणारा पक्षी दिसेल. समोरची काडी तशीच ठेवा. फळं आहेत तोवर तो त्या घोसावर परत येईल. तेव्हा १/८०० आणि आयएसओ २००० आधीच लावून ठेवा आणि फोकस घोसाच्या डाव्या कडेला धरून बसा.